मुठीच्या पिठाची भाकरी

टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव. गावात येशूवर विश्वास ठेवणारी घरं मोजकीच, आणि प्रभुभोजनाची भाकरी माझ्या चुलीवर होते. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरातली बाई मूठभर तांदळाचं पीठ आणून माझ्या परातीत टाकते. रविवारी सकाळी त्या सगळ्या पिठाची मी एकच भाकरी करते. उपासनेत ती मोडून सगळ्यांनी खायची आणि द्राक्षरसाच्या एकाच पेल्यातून प्यायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, बायकांनीच सुरू केलं.

परातीत सगळ्यात मोठी मूठ माझ्या धाकट्या जावेची असायची. मी चिडवायचे, "अगो, मूठ हाय का सूप?" आम्ही दोघींनी एकाच दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला. पाण्यात उतरताना तिने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांना आधी तो सोडवावा लागला.

मग साथ आली. साथीनंतर पुन्हा जमलो तेव्हा माझा दीर, म्हणजे या जावेचा नवरा, म्हणाला, आता एका पेल्यातून पिणं बरं नाही, प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्या. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी, "प्रभूने एकच पेला दिला," म्हणून हट्ट धरला. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली. शेवटी दीर बायकोला घेऊन शहापूरकडच्या चर्चच्या मंडळीत जाऊ लागला. ज्या पेल्याने एक व्हायचं, त्याच्यावरूनच आम्ही फुटलो. मला अजून याचा राग येतो, आणि तो कुणा एकावर काढताही येत नाही.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने आधण नेहमीएवढंच ठेवलं. पीठ कमी पडलं, उकड सैल झाली आणि थापताना भाकरी फाटली. घरात डबाभर पीठ होतं, पण मुठीच्या पिठात ते मिसळायचं नाही, असा आमचा नेम. फाटकी भाकरी बघून पाळक म्हणाले, "असू दे, मोडायचीच हाय." कुणी हसलं नाही.

आम्हा जावांचं भांडण नाही. शेतं लागून आहेत, लावणी-कापणी एकत्र, म्हसा गावच्या जत्रेलाही बरोबर जातो. फक्त रविवारी ती पहिल्या जीपने निघून जाते. उपासनेला बसताना मी अजून थोडी सरकून बसते, तिला जागा ठेवल्यासारखी. मला तिची फार आठवण येते. रोज दिसणाऱ्या माणसाची आठवण येते म्हटलं तर लोक वेड्यात काढतील.

यंदा भातकापणीच्या दिवसांत दुपारी आम्ही दोघी बांधावर जेवायला बसलो. तिने भाकरी काढली, मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी घ्यायला हात पुढे केला आणि दोघींचे हात तसेच थांबले.

"ताई, मागणं कर," ती म्हणाली.

मी प्रार्थना केली. आमेन म्हणताना मला रडू आलं. तिने पदराने माझे डोळे पुसले, आणि आम्ही जेवू लागलो.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ह्याला प्रभुभोजन नाय म्हणत ना?"

"नाय गो. पाळक नायत, पेला नाय. ते रविवारी."

"रविवारी तिकडं तू नसतेस," ती म्हणाली.