एकशे अठ्ठ्याऐंशी होकार

सारंगखेड्याच्या हेमकांत पाटलाला आयुष्यात कधी कोणाला 'नाही' म्हणता आलं नाही. भित्रा म्हणावा तर तसाही नव्हे; मळ्यात साप निघाला की काठी घेऊन पुढे हाच. पण समोरच्याने "हेमकांतभाऊ, तेवढं येऊन जा" म्हटलं की याच्या जिभेला गाठ बसायची. त्यात आमच्याकडची रीतच अशी, की आवतण मोडलं म्हणजे माणूस मोडला. साधं वरण-बट्टीचं जेवण असलं तरी जो आला नाही त्याचं नाव दोन वर्षं निघत राहतं. हेमकांत सगळीकडे जायचा. एका तिथीला पाच लग्नं असली तर पाचही मांडवांत अक्षता टाकायचा, पाचही ठिकाणी पंगतीला बसायचा आणि घरी येऊन सोडा पीत पोट धरून बसायचा. बायको ममता म्हणायची, "एखाद्या ठिकाणी नसते गेले तर लग्न मोडलं असतं का?" यावर तो फक्त ढेकर द्यायचा.

शहाद्याला ठिबक सिंचनाचे संच बसवून देणाऱ्या एका कंपनीची शाखा आहे. तिथे तो एकवीस वर्षं समन्वयक. समन्वयक म्हणजे काय, तर शेतकऱ्याच्या नळ्या तुंबल्या की शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या आणि विक्रीचा आकडा कमी पडला की पुण्याच्या हेड ऑफिसच्या. शेतकऱ्यांच्या भेटी लिहायला कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं एक कॅलेंडर. पुण्याच्या मिटिंगा यायच्या कंपनीच्या ई-मेलवर, त्याचं दुसरं कॅलेंडर. दोघांची एकमेकांशी तोंडओळखसुद्धा नव्हती आणि हेमकांतला हे फार सोयीचं पडायचं. मंगळवारी अकराला केळीच्या मळ्यात यायला इकडे 'हो', मंगळवारी अकराच्या मिटिंगला तिकडे 'हो'. मग बांधावर उभं राहायचं, कानात वायर घालायची, तोंडाने "येस सर" म्हणायचं आणि हाताने शेतकऱ्याला व्हॉल्व्ह दाखवायचा. एकवीस वर्षांतली शेवटची पाच-सहा वर्षं त्याने अशीच काढली.

मग या मार्चमध्ये पुण्याच्या डोक्यात आलं की दोन्ही कॅलेंडरं जोडायची. इकडे लिहाल ते तिकडे दिसेल, तिकडचं इकडे उतरेल, दर पंधरा मिनिटांनी आपोआप. शाखेतलं कॉम्प्युटरचं काम चेतनाकडे. पंचविशीची, कामाला चोख आणि तोंडाला त्याहून चोख. तिने जोडणी केली, पंधरा मिनिटं चहा घेतला आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "आप्पा, जरा इकडे या."

हेमकांत गेला. पडद्यावर त्याचा आठवडा होता, पण आठवडा कसला, जत्रा होती ती. चौकोनावर चौकोन चढलेले, काही तर नुसत्या रेघा होऊन कडेला चेंगरलेले.

"येत्या मंगळवारी अकरा वाजता तुम्ही चार ठिकाणी आहात," चेतना म्हणाली.

"जमवतो ना मी."

"जमवता, ते दिसतंय. वर्षभरात एकशे अठ्ठ्याऐंशी आमंत्रणं आली. एकशे अठ्ठ्याऐंशी होकार. नकार शून्य. आप्पा, ते दुसरं बटण तुम्ही कधी दाबून तरी पाहिलंय का?"

"ते कोणासाठी असतं?" हेमकांतने विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं. चेतनाने कपाळावर हात मारून घेतला. पण तिने शाखेतल्या बाकी पाच जणांचं उघडून पाहिलं, तर तिथेही तेच. तिच्या स्वतःच्या खात्यावरही एक नकार नव्हता. मग मात्र तिने ती खिडकी बंद केली.

आता खरं सांगायचं तर नकार शून्य हे खोटं होतं. जगात एका माणसाला हेमकांतने 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही चार वेळा. ते माणूस म्हणजे त्याची आई, धनुबाई.

धनुबाईचा डावा डोळा तरुणपणीच कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून गेला. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी पहिली तारीख दिली मागच्या होळीनंतरची. त्या दिवशी पुण्याहून साहेब येणार निघाले. दुसऱ्या तारखेला एका शेतकऱ्याचं फिल्टर फुटलं. तिसऱ्या तारखेला कोणाच्या तरी घराची वास्तुशांत होती, चौथ्याला काय होतं ते आता त्यालाही आठवत नाही. दर वेळी तो आईच्या खाटेशी जाऊन उभा राहायचा, खाकरायचा, आणि धनुबाईच म्हणायची, "जाऊ दे रे भाऊ, मले दिखस. तू तुन्हं काम कर." आणि तिला दिसत नव्हतं. पावलावरून माणूस ओळखायची, भांड्यात बोट बुडवून पाणी किती ते बघायची. हे हेमकांतला माहीत होतं. माहीत असून तो हायसं वाटून निघून जायचा, हेच वाईट. जी रुसणार नाही तिलाच नाही म्हणणं सोपं गेलं त्याला.

यंदा डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. मोतीबिंदू पिकून कडक झालाय, आणखी लांबवलंत तर आतलं प्रेशर वाढेल, मग मी डोळा उघडून देईन पण त्यात नजर येईल याची खात्री देणार नाही. तिला एकच डोळा आहे, पाटील. गुरुवारी सकाळी दहाला आणा, नाहीतर दुसरा डॉक्टर बघा.

हेमकांतने हे चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, तुमची जी कामं कॅलेंडरमध्ये असतात ती होतात. आजी कॅलेंडरमध्ये नाहीत. त्यांना तिथे घाला. वेळ अडवून ठेवली की पुण्याला दिसेल, मग तिथे कोणी मिटिंग टाकणार नाही."

पटलं त्याला. चेतना जेवायला गेल्यावर त्याने एका बोटाने टाईप केलं: 'आई – उजवा डोळा. गुरुवार, सकाळी १०. नंदुरबार.' खाली सॉफ्टवेअरने विचारलं, कोणाला कळवायचं? आणि पुढे नावांची यादी.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. दुसरा कोणी असता तर यादी बंद करून मोकळा झाला असता. पण दुखण्याखुपण्याचं एकाला सांगायचं आणि दुसऱ्याला गाळायचं, हे हेमकांतच्या हातून कसं व्हावं? उद्या कोणी म्हणालं, आईचं ऑपरेशन झालं अन् आम्हाला कळवलंसुद्धा नाही, तर? त्याने चेतनाच्या नावापुढे खूण केली. मग स्टोअरकीपरच्या. मग अक्कलकुव्याचे डीलर करमसिंग, त्यांना वगळून कसं चालेल. मग ब्राह्मणपुरीचे शेतकरी, मग प्रकाशा गावचे. यादीत पुढे पुण्याचे नवनीत साहेब आले, त्यांनाही खूण. मोठा माणूस, वाईट वाटायला नको. अर्धा तास बसून त्याने एकसष्ट नावांपुढे एकसष्ट खुणा केल्या आणि समाधानाने बटण दाबलं. त्याच्या मते ही नुसती खबर होती. सॉफ्टवेअरच्या मते ते आमंत्रण होतं. एकसष्ट लोकांच्या मोबाइलवर आणि ई-मेलवर जाऊन त्याने विचारलं: 'आई – उजवा डोळा. येणार? हो / नाही.'

आणि आमच्या भागात आवतणाला 'नाही' दाबणारा बोटवाला अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या दिवशी नवनीत साहेबांनी गुरुवारी सकाळी दहालाच तिमाही आढावा ठेवला. सगळ्यांनी हजर राहणे सक्तीचे. त्यांनी अडवलेली वेळ पाहिली नसेल असं नाही, पण शाखेच्या वेळा बघून मिटिंग ठेवायची सवय पुण्याला नव्हती. चेतनाने मान वर केली. "आप्पा, आता तरी दाबा ते दुसरं बटण."

"दाबतो," हेमकांत म्हणाला. तो बटणाकडे बघत बसला. बोट तिथपर्यंत गेलं आणि सरकून होकारावर पडलं. एकशे नव्वदावा की एक्क्याण्णवावा, कोण मोजतंय. मनात त्याने हिशेब मांडला: आईला ममता आत नेईल, आपण बाहेर बाकावर लॅपटॉप उघडून बसू. जमवू.

गुरुवारी नऊला तिघं दवाखान्यात पोचली. साडेनऊला पहिली मोटारसायकल आली, ब्राह्मणपुरीचे दोन शेतकरी, हातात पपई. मग एक जीप. मग शाखेतले पाचही जण, चेतना सगळ्यांत पुढे आणि तोंडावर अशी कळा की तिला काही विचारायची सोय नाही. प्रकाशाहून चहाचा थर्मास आला. पावणेदहाला करमसिंग उतरले, बरोबर बायको रूपलीबाई, आणि करमसिंगांच्या हातात झेंडूचा हार नि नारळ. कंपनीचं आमंत्रण म्हणजे कशाचं तरी उद्घाटन, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. हार कोणाला घालायचा म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले.

"तुम्ही सगळे कशाला आलात?" हेमकांतने एकाला बाजूला घेऊन विचारलं.

"आवतन उनं, मंग येनं पडस," तो म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळेना.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्मा वर केला आणि तोवर आलेले मोजले. "एका डोळ्याला तेहतीस नातेवाईक? सगळे त्या निंबाखाली. आवाज आला तर टाके चुकतील, मग मला सांगू नका." तेहतीस माणसं मुकाट्याने झाडाखाली जाऊन बसली, करमसिंग हारासकट.

नर्सने धनुबाईला हिरवा गाऊन घातला, डोळ्यात थेंब टाकले. ममता औषधं आणायला गेली. धनुबाईने हात पुढे करून चाचपलं, तेव्हा हेमकांतने आपला हात दिला. हात थंडगार होता तिचा. घाबरली होती, पण विचारलं काय, तर "इतला लोके कसाले उनात रे?"

"तुले देखाले," तो म्हणाला.

दहा वाजून तीन मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. नवनीत साहेब.

"जाय," धनुबाई म्हणाली, "साहेबना फोन शे. मी बठस."

हेमकांतने एका हाताने फोन कानाला लावला. दुसरा हात तिच्याकडेच होता.

"पाटील, मी इथे एकटाच बसलोय. तुमच्या शाखेतले सहाच्या सहा जण हो म्हणालेत आणि एकाचाही पत्ता नाही."

"सर, ते सगळे इथे आहेत."

"इथे म्हणजे कुठे?"

"आईच्या डोळ्याला."

पलीकडे की-बोर्डचा आवाज. "हे माझ्याही कॅलेंडरमध्ये आहे. दहा वाजता, नंदुरबार. पाटील, यावर मी हो म्हणालोय?"

"हो सर. पहिला होकार तुमचाच आला. मला वाटलं, वाचल्याची पोच आहे."

"मी ते वाचलंच नव्हतं." साहेब खाकरले. "बरं, असू दे. तुम्ही एकटे तरी पाच मिनिटं जोडून घ्या. नुसतं तोंड दाखवा, मग जा."

याच वेळी नर्सने दार उघडलं. "धनुबाई पाटील, चला. बरोबर कोण आहे?"

धनुबाईने त्याच्या हातातली आपली बोटं हळूच सोडवायला घेतली. नेहमीसारखीच. त्याला अवघड जाऊ नये म्हणून. हेमकांतला ते जाणवलं. त्याने ती बोटं घट्ट धरली.

"नाही सर," तो म्हणाला. "आज नाही. पाच मिनिटंही नाही."

म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. आता काय कोसळायचं ते कोसळू दे.

"बरं," नवनीत साहेब म्हणाले. "सोमवारी ठेवतो मग. सोमवारी चालेल तुम्हाला?"

एवढंच. हेमकांत फोनकडे बघत राहिला. याला एवढंच लागत होतं? त्याला हसू आलं, आणि हसताहसता स्वतःचा असा राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. या दोन शब्दांसाठी त्याने त्या बाईला वर्षभर अंधारात बसवलं होतं. "मी आहे बरोबर," तो नर्सला म्हणाला आणि आईला धरून आत गेला.

ऑपरेशन पाऊण तास चाललं, मोतीबिंदू कडक होता म्हणून. बाहेर पपई कापली गेली, थर्मास रिकामा झाला. धनुबाई पट्टी बांधून बाहेर आली तेव्हा करमसिंगांनी शेवटी हार डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात घातला. त्या इतक्या गोंधळल्या की त्यांनी तो तासभर काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटायची होती. हेमकांत समोर स्टुलावर बसला, ममता मागे उभी. डॉक्टरीणबाईंनी कापूस बाजूला केला, डोळा पुसला आणि म्हणाल्या, "आजी, हळूच उघडा." धनुबाईने उघडला. आधी नुसतं पाणी आलं. मग तिने खिडकीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ममताच्या बांगड्या बघितल्या. मग तिची नजर त्याच्यावर आली आणि थांबली. खूप वेळ थांबली. तिने हात लांब करून त्याच्या कानाजवळच्या केसांना बोट लावलं.

"तुन्हं डोकं पांढरं व्हई गयं रे भाऊ," ती म्हणाली. "कव्हय व्हयनं हाई?"

हेमकांतने मान खाली घातली, तर तिला ते आणखीच नीट दिसलं.