यजमान, पाहुणा आणि ड्रायव्हर

नायगावची आमची चाळ रिकामी झाली आणि बायका कुठे कुठे पांगल्या. गौरी जागवताना आम्ही म्हणायचो ती फुगडीची गाणी मी टाइप करून ठेवलेली. शिकवलं कोणी नाही, एकेक बटण दाबत शिकले. यंदा गौरीला सगळ्या भेटणार, तर प्रत्येकीच्या हातात पुस्तक द्यायचं ठरलं. छापखानेवाला म्हणाला, आज संध्याकाळपर्यंत फाइल आली तरच वेळेत होईल.

माझा टायपिंगचा प्रोग्राम जुना, नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. जुना कॉम्प्युटर मरायला टेकला तेव्हा सुनेने त्यातलं सगळं उचलून नव्या लॅपटॉपच्या आत ठेवलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर. कसा मावला, मला विचारू नका. मला कळावं म्हणून ती म्हणाली, बाहेरचा तो यजमान आणि आतला तो पाहुणा. आता आमच्या पिढीत यजमान म्हणजे नवरा. माझे यजमान तर समोरच पेपर वाचत बसलेले, जन्मभर बस चालवलेले.

तर गाणी पाहुण्याच्या पोटात, आणि पाहुण्याचं नेट चालेना. पेनड्राइव्हसुद्धा त्याला दिसेना. सुनेला ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"आई, यजमानांना ड्रायव्हर आहे," ती म्हणाली, "पाहुण्याला नाहीये."

ह्यांनी पेपर खाली घेतला. "मला कशाला ड्रायव्हर? आणि येतंय कोण?"

"कोणी येत नाही हो. आतला पाहुणा."

हे उठून आतल्या खोलीत बघून आले.

सून हसत होती, मला घाम फुटलेला. तिने समजावलं ते असं, की नेटसाठी आत एक कार्ड असतं. खरं नसतंच, नुसतं मानायचं. ते चालवतो तो ड्रायव्हर. तिने पाहुण्याला अगदी नवीन कार्ड दिलेलं, आणि पाहुणा जुन्या वळणाचा, त्याला ते ओळखताच येईना. तेव्हा त्याला जुन्यातलं कार्ड द्यायचं, पण आधी पाहुण्याला बंद करायचं. मी केलं बंद, पण सगळा लॅपटॉपच काळा झाला.

"आई, कुणाला बंद केलंत?"

"यजमानांना, बहुतेक."

"मी चालू आहे," हे पेपरामागून म्हणाले.

मग लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सून सांगत गेली तसं यादीतलं जुनं कार्ड निवडलं आणि पाहुण्याला उठवलं. त्याच्या कोपऱ्यातली नेटच्या खुणेवरची लाल फुली गेली. फाइल पाठवली. थोड्या वेळाने छापखानेवाल्याचा फोन आला, मिळाली म्हणून, गौरीच्या आधी पुस्तकं देतो म्हणून. तेव्हा कुठे मी चहा टाकला.

चहा पिताना ह्यांनी विचारलं, ड्रायव्हर शेवटी आला कुठून. सून म्हणाली होती, ह्या कार्डाचा ड्रायव्हर पाहुण्याकडे पहिल्यापासूनच होता. मी तेच सांगितलं.

"मग सकाळपासून करत काय होता?"

मला कुठे माहीत. अजूनही नाही.