विहीणबाई आणि माझी पोटरी

मला अधूनमधून डाव्या पोटरीत कळ यायची. अशी की सुरी फिरल्यासारखी, घोट्यापर्यंत. मी "आई गं!" करत जागच्या जागी एका पायावर नाचायचे. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "गॅस असेल."

"पायात गॅस?"

"फिरतो तो. ओवा खा."

आमच्या डोंबिवलीच्या घरात सगळ्या दुखण्यांवर ओवाच असतो. खाल्ला. पोटरी ढिम्म.

मग ठाण्याला लेकीला मुलगी झाली. आम्ही बघायला गेलो, विहीणबाईंबरोबर फोटोबिटो झाले. मी नातीला उचलायला वाकले आणि आलीच मेली कळ! मी किंचाळले, नात माझ्याहून मोठ्यानं. लेकीनं सुनावलं, "आई, पाय बरा होईपर्यंत बाळाला उचलायचं नाही. बारशालाही नाही."

म्हणजे पाळण्याच्या एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची बहीण, दोघी माझ्या नातीला पाळण्याखालून-वरून देणार-घेणार, आणि मी सख्खी आजी खुर्चीत बसून घुगऱ्या खाणार! मला रडूच फुटलं. तडक डॉक्टर गाठले.

सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं त्या दिवशी वेगळं काय करता?"

नवरा मध्येच बोलला, "ठाण्याला विहिणीकडे जाऊन आली की दुखतं हिला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! लग्नाच्या फोटोत विहीणबाई माझ्याहून बोटभर उंच दिसल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्याशेजारी फोटोला उभी राहिले की मी चवड्यांवर. घरात चपला नसतात आणि साडीखाली पाय कुणाला दिसतात? पण त्या दरवेळी उंचच निघायच्या, म्हणून मी आणखी ताणायचे. त्यांच्याकडे फोटो म्हणजे दहा जणांच्या दहा मोबाइलवर. पोटरी बिचारी बोंबलणार नाही तर काय!

डॉक्टरांना हे सांगताना जीव नकोसा झाला. ते हसून हसून लाल. म्हणाले, "टाचा टेकवा. रोज पोटऱ्यांना ताण द्या. तरी दुखलं, सूज आली, तर लगेच या." नवऱ्यानं तेवढ्यात ओव्याचं विचारून घेतलं.

बारशापर्यंत एकदाही कळ आली नाही. लेकीनं मला घरभर चालायला लावलं आणि मगच परवानगी दिली. पाळण्याआधी फोटो. नात माझ्या हातात, विहीणबाई शेजारी. मी मनाचा हिय्या केला आणि टाचा जमिनीला घट्ट टेकवल्या. दिसू दे बुटकी! पोरगी पडायला नको.

विहीणबाईंनी हळूच खाली, माझ्या निऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "टेकवल्यात का टाचा?"

"हो."

"सुटले बाई!" असं म्हणून त्या बोटभर खाली आल्या.