तिसऱ्या दिवसाचं अंडं

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास झालो. मायक्रोस्कोपखाली काच सरकवून परीक्षकांनी विचारलं होतं, "याचं डोकं कुठल्या बाजूला?" कोंबडीचा दीड दिवसाचा गर्भ होता तो. मला रंगवलेल्या दोऱ्यांचा गुंता दिसत होता. मी उजवं टोक दाखवलं. ते शेपटीकडचं होतं. त्याच्या आधी मी यकृताला मूत्रपिंड म्हणून बसलो होतो. परीक्षक रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसता चष्मा पुसत राहिले.

दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. आम्हाला प्रात्यक्षिकं दाखवणारे एक तरुण शिक्षक होते. ते म्हणाले, "घरी जा. खुडूक कोंबडी शोध, तिच्याखाली अंडी ठेव आणि रोज एक फोडून बघ. वाढताना पाहिलंस की विसरणार नाहीस."

खरं सांगायचं तर मला त्या विषयाचीच धास्ती बसली होती. वर्गाशेजारच्या खोलीत काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. एकीत कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेलं मूल, दुसरीत कवटीच न झालेलं. असे बिघाड पहिल्या काही आठवड्यांतच होतात, आईला धड कळायच्याही आधी, असं आम्हाला शिकवलं होतं. कशामुळे, असं कुणी विचारलं की शिक्षक म्हणत, बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तेच मला सगळ्यात भयंकर वाटे.

मी जव्हारला घरी आलो. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. आईने एक जुनी पितळी वाटी दिली ती, "ही परत घरात आणायची नाही," असं बजावूनच. शेवटी वडिलांच्या कचेरीतला शिपाई म्हणाला, "भाऊ, माझ्या घरी या. कोंबडी बसायला आलीच आहे."

त्याचं घर गावाखालच्या उतारावर, दाभोश्याच्या वाटेवरच्या एका पाड्यात होतं. कुडाच्या भिंती, पुढे सारवलेली ओटी. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. आई त्या पाड्याची सुईण होती. बायको मोखाड्याकडची, सूर्यमाळची. त्यांची घरातली बोली वेगळी होती. त्यांचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगतो आहे.

टोपलीत पेंढा घालून कोंबडीखाली अंडी ठेवली. मी रोज दुपारी जायचो. वाटीत कोमट पाणी, त्यात चिमूटभर मीठ, त्यातच फोडलेलं अंडं, आणि माझ्याजवळ एक भिंग. पहिल्या दिवशी पिवळ्यावर एक पुसट पांढरी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी रेघेचं एक टोक जाड झालं होतं. ते डोकं होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने बोललो. शिपायाची बायको दारात बसून बघत होती, ती हसली.

तिसऱ्या दिवशी अंडं फोडलं आणि पिवळ्यावर लाल जाळं पसरलेलं दिसलं. त्याच्या मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका उडत होता. भिंगाचीही गरज नव्हती.

"हे जितं आहे," ती म्हणाली. ती केव्हा जवळ येऊन बसली ते मला कळलंच नव्हतं.

"काळीज आहे ते."

"कवटी फोडली तरी चालतंय?"

"पाणी कोमट आहे तोवर चालेल."

आम्ही दोघं बघत राहिलो. पाणी निवत गेलं तसा ठिपका मंदावला आणि थांबला. तिने माझ्या मनगटाला धरलं. परक्या माणसाला ती एरवी कधी शिवली नसती. "भाऊ, चालू करा."

मी चुलीवरचं ऊन पाणी थोडं थोडं वाटीत सोडलं. ठिपका एकदा उडाला, थांबला, मग पुन्हा चालू लागला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी सुखावलो, हे कबूल केलं पाहिजे. परीक्षेतून हात हलवत परतलेला मी, इथे कुणीतरी मोठा होतो.

"माणसात हे कधी चालू होतं?" तिने विचारलं.

मी तोऱ्यात सांगितलं. तीन आठवडे झाले की. बाईला कळतंय न कळतंय तेवढ्यात. मग एवढ्यावरच न थांबता पुढचंही सांगितलं, डोळे कधी, बोटं कधी, आणि त्या दिवसांत काही चुकलं तर काय होतं. बरण्यांबद्दलही बोललो.

"कशानं चुकतं?"

"कधी तापानं, कधी कशानंच नाही. उगाच."

ती उठून आत गेली. तिला दिवस गेले आहेत आणि आधीची दोन पोटं पडली आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळीच शिपाई आमच्या दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तिला अंगावरून जातंय," तो म्हणाला. तो आधी दवाखान्यात जाऊन आला होता. डॉक्टर देवी टोचायला खोडाळ्याच्या बाजूला गेले होते. "ती म्हणते, तुम्हालाच बोलवा."

मी तोवर एकही जिवंत रोगी तपासला नव्हता. मी काचेवरच्या चकत्या पाहिल्या होत्या. वाटेत मनात आठवडे मोजणं चालू होतं. शेवटची पाळी येऊन दोन महिने झाले, असं शिपाई म्हणाला होता. म्हणजे बोटं सुटी होत असतील. टाळू जुळत असेल. जे पाठ करताना मला कधी आठवत नसे ते सगळं तेव्हा एकामागून एक आठवत होतं.

पाड्यातली माणसं ओटीवर जमली होती. मला वाट करून दिली ती जरा जास्तच लांब सरकून. शिपायाच्या म्हाताऱ्या आईने मला दारातच अडवलं.

"किती फोडली?"

"चार."

"आता एकही फोडायचं नाही."

"नाही फोडणार."

तिने मला आत घेतलं. सून घोंगडीवर निजली होती, पायांखाली गोधडीची वळकटी. म्हातारीने सगळं बरोबर केलं होतं. मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनेने मला पाहिलं आणि तोंडावरचा पदर बाजूला केला.

"थांबलं का ते, भाऊ? तुमच्याजवळ काच आहे. बघा ना."

काचेतून काही दिसत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हातारी माझ्याकडे एकटक पाहत होती. मी लुगड्यावरून तिच्या पोटावर हात ठेवला. हाताला काही लागणार नव्हतं. दुसऱ्या महिन्यात जगातल्या कुठल्याच डॉक्टरच्या हाताला लागत नाही. माझ्या तळव्याला माझीच नाडी जाणवत होती.

"चालू आहे," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. मी बाहेर येऊन चपला हातातच घेऊन घराची वाट धरली.

रक्त तिसऱ्या दिवशी थांबलं. शिपायाने माझे पाय धरले तेव्हा मी अक्षरशः पळालो. त्यानंतर मुंबईला जाईपर्यंत मी त्या पाड्याकडे फिरकलो नाही. परीक्षा पास झालो. परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला आणि मी काच पुरती स्थिर व्हायच्या आत उत्तर दिलं. ते "शाबास" म्हणाले. मला मात्र बरण्यांच्या खोलीवरून जाता येईना. मी फेरा घालून जाऊ लागलो. रक्त थांबणं म्हणजे मूल राहिलं असं नव्हे, आणि राहिलं तरी ते कसं राहिलं, हे आता मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. घरचं पत्र आलं की आधी शेवटची ओळ वाचायची, कारण वडील नोकरचाकरांच्या बातम्या शेवटी लिहीत. मार्गशीर्षात ती ओळ आली. शिपायाला मुलगी झाली, आईमुलगी ठीक. वडिलांच्या लेखी ठीक म्हणजे काय, हे त्या एका शब्दावरून ठरवता येईना.

शिमग्याच्या सुट्टीत मी पाड्यावर गेलो. तिने ओटीवर घोंगडी अंथरली, तांब्यात पाणी दिलं, कॉलेजची चौकशी केली. मूल तिच्या खांद्यावर होतं, डोक्यापासून पायांपर्यंत फडक्यात गुंडाळलेलं. एक टाच तेवढी बाहेर आली होती. मी बघतोय हे लक्षात येताच तिने तीही आत घेतली.

"मी बघू का?" मी विचारलं.

"नको, भाऊ. राग मानू नका." तिचा आवाज मायेचाच होता. "तुम्ही उघडून बघता."

पाणी प्यायलो आणि उठलो. शिपाई मला वळणापर्यंत पोचवायला आला. वळणाशी आल्यावर तो म्हणाला, "सगळं नीट आहे, भाऊ. मी स्वतः पाहिलंय. डोळे दोन आहेत, बोटंही पुरी आहेत." मग त्याने विचारलं, "आणखी काय बघायचं असतं?"

माझ्याजवळ मोठी यादी होती. "एवढंच," मी म्हणालो, आणि चढाला लागलो.