घट्ट हातमोजा

माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

उकळत्या तेलाने उजव्या हाताचा तळवा भाजला, जखम भरली आणि तिच्या जागी जाड, लाल वण उठला. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी शिलाईचं काम करते. बोटं सरळ झाली नाहीत तर मशीनवर कापड कशाने सरकवू? फिजिओथेरपिस्ट बाईंनी मापाचा घट्ट हातमोजा दिला. म्हणाल्या, "वणात कोलॅजनचे तंतू गुंता होऊन वाढतात. सतत दाब राहिला तर ते चपटे, ओळीत बसतात. दाब सुटला की परत गोळा होतात आणि बोटं आत ओढतात. आंघोळीपुरता काढायचा, बस."

पण खारी गावातल्या आमच्या घरी येणारी प्रत्येक बाई मोजा बघून हळहळायची. रक्त अडेल, हात काळा पडेल. सल्ला द्यायला यांचं काय जातं, हात माझा होता!

दिराच्या लग्नासाठी घरी बांगडीवाली आली तेव्हाही मी मोजा काढला नाही. एकट्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, झाली तर झाली. पुढे दोन-तीन दिवसांनी आंघोळ करून मोजा चढवला तर तो सहज चढला. मला वाटलं, सूज उतरली. हळदीला मी नाचलेसुद्धा.

लग्नानंतर तपासणीला गेले. बाईंनी तळवा टेबलावर सपाट टेकवायला सांगितला. टेकेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. त्यांनी मोजा उलटा केला. आतली शिवण उसवून कडेच्या अगदी जवळ नवी घातलेली, ब्लाउज ढिला करतात तशी. इतके बारीक टाके आमच्या घरात एकच बाई घालते. माझी सासू.

घरी येऊन मी मोजा त्यांच्या अंगावर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा अगं-तुगं केलं. "कुणी सांगितलं होतं गं तुला?"

त्या मोजा मांडीवर घेऊन हाताने सरळ करत राहिल्या. "रातभर कन्हायचीस गो. मना बघवत न्हाय. ढिला केला, आन तू निजलीस."

निजले होते, खरं आहे. कित्येक महिन्यांनी गाढ झोपले होते. आता डॉक्टर कातडी कापून बोटं सोडवायची म्हणतात, आणि या बाईला मला धड शिव्याही घालता येत नाहीत, याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.