ड्रेसरमामांची परीक्षा

ड्रेसरमामा माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. वर्ध्याच्या दवाखान्यात आम्ही ऑपरेशन शिकायला आलेले तरुण डॉक्टर. आमची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत, हात मात्र झाले. मला ते 'घाईचा हात' म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. चौथी शिकलेला, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस, आणि हा माझी पारख करणार!

पण मोठ्या सर्जनसाहेबांचा रिवाजच तसा होता. मामांच्या होकाराशिवाय कुणाला एकट्यानं ऑपरेशन करू देत नसत. मामा खाटकाकडून बकऱ्याचं आतडं आणायचे, मधोमध कापून आमच्यापुढे टाकायचे. ते आम्ही शिवायचं. मग त्यात पाणी भरून ते कोरड्या राखेवर ठेवायचे आणि शेजारी विडी ओढत बसायचे. विडी संपायच्या आत राख ओली झाली, की आम्ही नापास. "राखेले तुमची डिग्री समजत नाई, डॉक्टरसाहेब," म्हणायचे.

माझी राख दोनदा भिजली. तिसऱ्यांदा मोहरीएवढाच ठिपका उमटला. मी वैतागून साहेबांकडेच गेलो. आर्वीकडच्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा कधीची रिकामी होती. साहेबांनी माझ्या नेमणुकीचा कागद पुढे ओढला. मामा दारात उभे होते. "साहेब, एक महिना अजून," एवढंच हळू बोलले. "तिकडे लोकांना डॉक्टर नाही, मामा," म्हणत साहेबांनी सही केली. मी मामांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिथं रोहणा गावची एक बाई आली. आतड्याला पीळ पडलेला. सडलेला भाग कापून मी टोकं शिवली. पाचव्या दिवशी शिवण सुटली, पोट फुगलं, आणि सातव्या दिवशी ती गेली. तिचा नवरा माझ्या पाया पडला. "तुमी लय केलं," म्हणाला. ते आठवलं की आजही जीव नकोसा होतो.

वर्ध्याला जाऊन मामांना सगळं सांगितलं. शिव्या खायलाच गेलो होतो.

"लेकरं होती काय तिले?"

"दोन."

त्यांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, "मी त्या दिवशी साहेबाले हळू बोललो. मोठ्यानं बोलाले पाह्यजे होतं. माह्यामुळंच झालं हे."

मी नाही नाही म्हणत राहिलो; त्यांना पटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी परीक्षा घेणं सोडलं. साहेबांनी विनवलं, तरी ऐकलं नाही. मागून आलेली पोरं नुसत्या सहीवर गावोगाव गेली. त्या बाईबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी बढती मिळाली.