आमच्या घरातली लंगडी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हिचं दुखणं गुडघ्यात आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शिल्पाच सांगत होती. पाच वर्षांची पोर, उड्या मारून घरी आली की उजवा गुडघा धरून बसायची. आम्ही गुडघ्याला बाम चोळत राहिलो. आमच्या मुलुंडच्या फॅमिली डॉक्टरांनीही गुडघाच दाबून पाहिला. दुखणं होतं वर, खुब्यात. तुमच्या मुलाचं गुडघ्याचं रडगाणं थांबत नसेल, तर त्याचा खुबाही तपासून घ्या.

"पर्थीस डिसीज," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त कमी पडतं. हाड मऊ होतं, चेपतं आणि मग हळूहळू परत भरतं. तोवर त्यावर भार द्यायचा नाही. गोलच भरला तर उत्तम, चपटा भरला तर पाय आखूड. आमच्या शिल्पाचा कसा भरेल, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दोन्ही पाय फाकवून प्लास्टर घातलं आणि मध्ये आडवी काठी बसवली. रिक्षात तिला तिरकी घालून घरी आणलं. एवढ्याशा खोलीत कॉट भिंतीपासून ओढली, तेव्हा कुठे शिल्पा मावली.

मग सल्ल्यांना ऊत आला. तिला हसवू नका, हलवू नका, खेळणी माळ्यावर टाका, उगाच बघून वाईट वाटेल. आम्हीही घाबरून दबक्या आवाजात वावरायला लागलो. शिल्पा भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहायची. विचारलं तर हो-नाही एवढंच. पाय राहील नाहीतर जाईल, पण माझी पोर मला परत मिळेल का, याच काळजीनं मी रडकुंडीला आले.

पुढच्या तपासणीला मी विचारलंच, "डॉक्टर, हिला खेळवू की नको?" ते माझ्यावरच वैतागले. "अहो, विश्रांती खुब्याला सांगितलीय, मुलीला नाही! भार देऊ नका, बाकी घर डोक्यावर घ्या." चिडका माणूस, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच रविवारी वाकोल्याहून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. चहा पिता पिता ह्यांना म्हणाल्या, "पोरीची जात रे. उद्या लंगडी राहिली तर कोण करून घेणार तिला?"

कॉटवरून शिल्पानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज चढला. "कोण लंगडी घालतंय? आत्या, कोणावर राज्य आहे?"

ह्यांनी कप खाली ठेवला, लुंगी वर खोचली आणि एक पाय उचलला. "माझ्यावर राज्य!" म्हणत कॉटभोवती लंगडी घालत सुटले आणि दारापाशी बहिणीच्या पाठीवर थाप मारली. "ताई, तू बाद!"

"अरे, वेड लागलं काय तुला? पोर आजारी नि तू नाचतोयस?"

शिल्पा खदखदून हसत होती. काठीसकट प्लास्टर हलत होतं. मी म्हटलं, "वन्सं, बाद झालेल्यांनी बाजूला बसायचं असतं." भावजयीनं असं बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला. बोलले.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज लंगडी. हे कामावरून आले की मोज्यांचा गोळा शिल्पाच्या हातात. आम्ही दोघांनी एका पायावर पळायचं, तिनं पडल्यापडल्या नेम धरून मारायचं. लागला की बाद. खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या, "अहो, छताचा चुना पडतोय ना आमच्या ताटात!" मी म्हटलं, "ताटावर झाकण ठेवा." प्लास्टर बदललं, पुन्हा बदललं, एक्स-रेच्या रांगेत बाकांवर दिवस गेले. 'लंगडी' हा शब्द आम्ही घरात मुद्दाम मोठ्यानं वापरला. कुजबुजायला कोणासाठी ठेवलाच नाही.

हाड भरलं, पण अगदी गोल नाही. उजवा पाय किंचित आखूड राहिला आणि चालताना ती जरा झुकते. मी त्यासाठी रडले, खोटं कशाला सांगू? पण भिंतीकडे तोंड केलेली ती मुलगी पुन्हा दिसली नाही.

परवा ती खाली पकडापकडी खेळायला गेली आणि तणतणत वर आली. "आई, मला कोणी पकडतच नाही! म्हणतात, तू लिंबूटिंबू." म्हणजे खेळात असून नसल्यासारखी.

मी गॅलरीत गेले आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "ए पोरांनो! लिंबूटिंबू कोणाला म्हणता रे? पकडा तिला!"

ती खाली गेली आणि लगेच पकडली गेली. आधी हुज्जत घातली, मग भोकाड पसरलं, मग डोळे पुसून पोरांच्या मागे धावली. झुकत झुकत धावली. मी वरून टाळ्या वाजवल्या.